जॉर्ज क्यूव्हिए

जॉर्ज क्यूव्हिए (२३ ऑगस्ट १७६९ – १३ मे १८३२) हे फ्रेंच निसर्गशास्त्रज्ञ होते. तुलनात्मक शरीररचनाशास्त्राला शास्त्रीय बैठक देणारे आणि पृष्ठवंशी प्राण्यांच्या पुराजीवविज्ञानाचा पाया घालणारे संशोधक म्हणून ते ओळखले जातात. पृथ्वीवर एकेकाळी वावरणाऱ्या प्राण्यांच्या कित्येक जाती कायमच्या नष्ट झाल्या आहेत, ही गोष्ट त्यांनी पुराव्यानिशी सिद्ध केली. सस्तन प्राण्यांच्या वर्गीकरणात त्यांनी मांडलेला एडेंटाटा (अदंत) हा गण शंभर वर्षांहून अधिक काळ पाठ्यपुस्तकांत टिकून होता. दक्षिण अमेरिकेतील मुंगीखाऊ, स्लॉथ व आर्मडिलो यांच्याबरोबर आफ्रिकेतील आर्डव्हार्क आणि भारतातील खवले मांजर यांनाही क्यूव्हिए यांनी याच गणात बसवले होते. या गणाची उभारणी आणि पुढे झालेली मोडतोड यांत त्यांच्या पद्धतीचे सामर्थ्यही दिसते आणि तिची मर्यादाही.

बालपण व शिक्षण

क्यूव्हिए यांचा जन्म माँबेल्यार या गावी झाला. आज हे गाव पूर्व फ्रान्समध्ये आहे; त्या काळी मात्र ते वुर्टेमबर्गच्या ड्यूकच्या ताब्यात होते. कुटुंब प्रॉटेस्टंट पंथाचे होते. वडील फ्रान्सच्या चाकरीतील एका स्विस पलटणीत अधिकारी होते आणि निवृत्तीनंतरची मिळकत बेताचीच होती. जन्मतः ठेवलेले नाव वेगळे असले तरी लहानपणीच वारलेल्या थोरल्या भावाचे जॉर्ज हे नाव त्यांना चिकटले आणि पुढे तेच कायम राहिले.

आईने त्यांना घरीच वाचायला व चित्रे काढायला शिकवले. एका नातेवाइकाकडे ब्युफाँ यांच्या निसर्गेतिहासाचे खंड होते. त्यांतील पशुपक्ष्यांच्या चित्रांच्या नकला काढणे आणि वर्णन वाचून त्यांत रंग भरणे हा या मुलाचा छंद होता. हाडाच्या कडेवरचा बारीकसा उंचवटाही त्यांच्या नजरेतून सुटत नसे, त्याची तयारी या नकलांपासूनच झाली असावी.

१७८४ ते १७८८ या काळात स्टुटगार्ट येथील कार्ल अकादमीत त्यांचे शिक्षण झाले. ड्यूकच्या राज्यकारभारासाठी अधिकारी घडवणारी ही संस्था होती. क्यूव्हिए तेथे प्रशासन व अर्थव्यवहार शिकले, जर्मन भाषा त्यांनी अल्पावधीत आत्मसात केली आणि कार्ल फ्रीडरिख कीलमायर यांच्याकडून प्राण्यांच्या विच्छेदनाचे धडे घेतले. प्रशासकाचे हे शिक्षण वाया गेले नाही. पुढे सरकारी पदांवर काम करताना ते त्यांना उपयोगी पडले.

नॉर्मंडीतील वर्षे

शिक्षण संपले तेव्हा सरकारी जागा रिकामी होईपर्यंत थांबण्याइतकी घरची परिस्थिती नव्हती. १७८८ मध्ये त्यांनी नॉर्मंडीतील काँ येथे एका उमराव कुटुंबात मुलाचे खासगी शिक्षक म्हणून नोकरी पत्करली. पुढच्याच वर्षी फ्रान्समध्ये राज्यक्रांती झाली. पॅरिसमध्ये गिलोटिन चालू असताना क्यूव्हिए समुद्रकिनाऱ्याजवळच्या खेड्यांत राहून मासे, शिंपले, कालवे, समुद्रकृमी चिरून पाहत होते आणि वह्या भरत होते. ग्रंथालय नाही, संग्रहालय नाही, विचारविनिमयाला माणूस नाही, अशा स्थितीत केलेल्या या कामाचा एक लाभ झाला. कोणाच्या वर्गीकरणावर विसंबून न राहता प्रत्येक प्राण्याची अंतर्रचना स्वतः पाहण्याची सवय त्यांना लागली.

कृषितज्ज्ञ तेसिए क्रांतीच्या धामधुमीत याच भागात आसरा घेऊन राहिले होते. त्यांची क्यूव्हिए यांच्याशी ओळख झाली आणि त्यांनी पॅरिसमधील मित्रांना पत्रे लिहून या तरुणाची शिफारस केली. राष्ट्रीय निसर्गेतिहास संग्रहालयात प्राणिशास्त्राचे प्राध्यापक असलेले एत्येन जोफ्रवा सँ-तिलेर यांनी क्यूव्हिए यांना पॅरिसला बोलावून घेतले. जोफ्रवा तेव्हा अवघे तेवीस वर्षांचे होते. १७९५ मध्ये क्यूव्हिए पॅरिसला आले आणि संग्रहालयातील प्राणिशरीर विभागात साहाय्यक म्हणून रुजू झाले. त्याच वर्षी दोघांनी मिळून सस्तन प्राण्यांच्या वर्गीकरणावर एक निबंध प्रसिद्ध केला. पुढे पस्तीस वर्षांनी हेच दोघे मित्र भर सभेत एकमेकांसमोर उभे ठाकणार होते.

मुंगीखाऊंची त्या काळातील स्थिती

क्यूव्हिए पॅरिसला आले तेव्हा मुंग्या व वाळवी खाणाऱ्या सस्तन प्राण्यांच्या वर्गीकरणात मोठा गोंधळ होता. १७५८ मध्ये स्वीडिश शास्त्रज्ञ कार्ल लिनीयस यांनी मुंगीखाऊंना मिर्मेकोफागा हे प्रजातीनाम दिले. त्यांनी या प्राण्यांना ब्रुटा नावाच्या गणात टाकले आणि त्याच गणात हत्ती, मॅनाटी हा जलचर सस्तन प्राणी, स्लॉथ व खवले मांजर यांनाही बसवले. आर्मडिलो मात्र डुक्कर आणि साळू यांच्या सोबतीला दुसऱ्याच गणात गेला.

लांब मुस्कट, चिकट जीभ आणि वारूळ फोडणाऱ्या नख्या दिसल्या की प्राण्याला मिर्मेकोफागा म्हणून मोकळे व्हायचे, अशी पुढच्या अभ्यासकांची रीत पडली. १७६६ मध्ये पीटर सायमन पालास यांनी आफ्रिकेतील आर्डव्हार्कचे वर्णन याच प्रजातीत केले. १७९२ मध्ये जॉर्ज शॉ यांनी ऑस्ट्रेलियातून आलेल्या काटेरी एकिड्नालाही मिर्मेकोफागाच ठरवले. चार खंडांतले प्राणी केवळ आहाराच्या साम्यामुळे एका नावाखाली किंवा एका गणात गोळा झाले होते. आपल्याकडेही खवले मांजराला कित्येकदा मुंगीखाऊ म्हटले जाते, ते याच कारणाने. प्राणी काय खातो हे डोळ्यांना सहज दिसते. तो कोणाचा आप्त आहे हे मात्र हाडे तपासल्याशिवाय कळत नाही.

मेगाथेरियमचा सांगाडा

१७८७ मध्ये आजच्या अर्जेंटिनातील लुहान नदीच्या काठी एक प्रचंड सांगाडा सापडला. तो पेट्यांत भरून माद्रिदला पाठवण्यात आला. तेथील राजसंग्रहालयात हुआन बाउतिस्ता ब्रू यांनी हाडे जुळवून तो उभा केला आणि त्याची चित्रेही तयार केली. या चित्रांची छापील प्रत एका फ्रेंच अधिकाऱ्यामार्फत पॅरिसला पोहोचली आणि ती तपासण्याचे काम क्यूव्हिए यांच्याकडे आले. ते तेव्हा जेमतेम सत्तावीस वर्षांचे होते आणि त्यांनी मूळ हाडे कधीच पाहिलेली नव्हती.

सांगाडा आकाराने हत्ती-गेंड्यांच्या बरोबरीचा असल्याने त्याचे नाते त्यांच्याशीच असावे, असा समज होणे स्वाभाविक होते. क्यूव्हिए यांनी आकार बाजूला ठेवला. जबड्यात पुढचे दात नाहीत, फक्त दाढा आहेत. गालाच्या हाडापासून एक फांटा खाली उतरतो आणि असा फांटा स्लॉथमध्येही असतो. बोटांच्या टोकांना प्रचंड नख्या आहेत. या खुणांवरून त्यांनी निष्कर्ष काढला की झाडाला उलटे लटकणाऱ्या स्लॉथचा हा महाकाय आप्त असून आर्मडिलो व मुंगीखाऊ यांच्याशीही त्याचे नाते आहे. १७९६ मध्ये प्रसिद्ध झालेल्या निबंधात त्यांनी त्याला मेगाथेरियम हे नाव दिले. हा निष्कर्ष आजही बरोबर मानला जातो.

याच सुमारास अमेरिकेत व्हर्जिनियातील एका गुहेत मोठाल्या नख्यांची हाडे मिळाली होती. टॉमस जेफरसन यांना ती सिंहाहूनही मोठ्या मांसभक्षकाची वाटली. १७९७ मध्ये फिलाडेल्फियात या विषयावर निबंध सादर करण्याच्या सुमारास मेगाथेरियमची हकिकत त्यांच्या वाचनात आली आणि त्यांनी आपल्या लेखाला पुरवणी जोडली. तो प्राणीही जमिनीवर राहणारा स्लॉथच निघाला. नखी लांब आहे एवढ्यावरून प्राणी मांसाहारी ठरत नाही, हा धडा पुढे खुद्द क्यूव्हिए यांच्याही वाट्याला येणार होता.

नामशेष जातींचा सिद्धान्त

मेगाथेरियमइतकेच गाजले ते हत्तींवरचे काम. एप्रिल १७९६ मध्ये त्यांनी राष्ट्रीय संस्थेपुढे एक निबंध वाचला. सिलोन आणि केप येथील हत्तींच्या कवट्यांची तुलना करून त्यांनी दाखवले की भारतीय व आफ्रिकी हत्ती या दोन स्वतंत्र जाती आहेत आणि सायबेरियातील मॅमथ या दोहोंहून वेगळा आहे. त्या कवट्या फ्रेंच सैन्याने हॉलंड जिंकल्यावर तेथील राजसंग्रहातून पॅरिसला आणलेल्या होत्या. युद्धातील लुटीने पॅरिसचे संग्रहालय असे अनेकदा समृद्ध झाले. १८०८ मध्ये लिस्बनमधून ॲमेझॉन खोऱ्यातील प्राण्यांचा मोठा संग्रह आणला गेला, तोही लष्करी ताब्याच्या जोरावर. त्या काळच्या पॅरिसमधील प्राणिविज्ञानाच्या वैभवाला ही बाजू आहे.

एवढा मोठा प्राणी जगाच्या कोपऱ्यात कोठेतरी जिवंत असेल, असे तोवर म्हणता येत होते. मॅमथ आणि मेगाथेरियम यांच्यानंतर ते म्हणणे अवघड झाले. पॅरिसच्या परिसरातील जिप्समच्या खाणींतून निघालेल्या हाडांवरून क्यूव्हिए यांनी आणखी अनेक नामशेष प्राणी उभे केले आणि अलेक्सांद्र ब्रोंन्यार यांच्यासह तेथील खडकांच्या थरांचा क्रम लावला. वेळोवेळी झालेल्या मोठ्या उलथापालथींत जुने प्राणी नष्ट झाले, असे त्यांचे मत होते. १८१२ मध्ये जीवाश्मांवरील त्यांचे संशोधन चार खंडांत एकत्र प्रसिद्ध झाले.

अवयवांचा परस्परसंबंध

क्यूव्हिए यांच्या पद्धतीचा गाभा असा की प्राण्याचे शरीर हे एक जुळलेले यंत्र असते. मांस पचवणारे आतडे असेल तर ते फाडणारे दात हवेत, सावज धरणाऱ्या नख्या हव्यात आणि त्या चालवणारे स्नायू जेथे चिकटतात त्या हाडांचा आकारही तसाच हवा. म्हणून एका अवयवावरून इतरांचा अंदाज बांधता येतो.

१८०४ मध्ये याचा एक नाट्यमय प्रत्यय आला. माँमार्त्र येथील जिप्सममध्ये एका लहान प्राण्याचा सांगाडा मिळाला. जबडा व दात पाहून तो ऑपॉसमसारखा शिशुधान प्राणी असावा, असे क्यूव्हिए यांनी ओळखले. तसे असेल तर श्रोणीच्या पुढे दोन विशिष्ट हाडे दगडात दडलेली असणार. त्यांनी आधी भाकीत सांगितले आणि नंतर साक्षीदारांसमोर सुईने दगड कोरला. हाडे सांगितल्या जागी निघाली.

या पद्धतीची चर्चा करताना एक भेद लक्षात ठेवायला हवा. ऑपॉसमच्या बाबतीत भाकीत खरे ठरले ते कार्याच्या तर्काने कमी आणि तुलनेच्या अनुभवाने अधिक. त्या दातांचा त्या हाडांशी यंत्र म्हणून काही संबंध नाही; एका वंशातल्या प्राण्यांत ती एकत्र आढळतात एवढेच. क्यूव्हिए वंशसातत्य मानत नव्हते. त्यामुळे हा भेद त्यांच्या मांडणीत कधी नीट उमटला नाही.

एडेंटाटा गण

१७९८ मध्ये प्राण्यांच्या निसर्गेतिहासाचे प्राथमिक पुस्तक, १८०० ते १८०५ या काळात तुलनात्मक शरीररचनेवरील व्याख्यानांचे पाच खंड आणि १८१७ मध्ये प्राण्यांचे साम्राज्य या अर्थाच्या शीर्षकाचा चार खंडांचा ग्रंथ, अशी क्यूव्हिए यांची वर्गीकरणावरील मुख्य ग्रंथरचना आहे. सर्व प्राण्यांची पृष्ठवंशी, मृदुकाय, संधियुक्त आणि अरीय अशा चार शाखांत त्यांनी विभागणी केली.

१८१७ च्या ग्रंथात एडेंटाटा गण पूर्ण रूपात दिसतो. नावाचा शब्दशः अर्थ दात नसलेले असा असला तरी व्याख्या अशी होती की ज्यांच्या जबड्याच्या पुढच्या भागात दात नाहीत असे नख्यांचे प्राणी. त्यात तीन गट होते. पहिला मंदगतींचा, म्हणजे स्लॉथचा. दुसरा सामान्य अदंतांचा. त्यात आर्मडिलो, आर्डव्हार्क, मुंगीखाऊ आणि खवले मांजर. तिसरा एकिड्ना व प्लॅटिपस यांचा. हत्ती आणि मॅनाटी या गणातून बाहेर गेले, आर्मडिलो आत आला आणि आर्डव्हार्क व एकिड्ना मुंगीखाऊंच्या प्रजातीतून वेगळे राहिले. लिनीयस यांच्या मांडणीपेक्षा ही सुधारणाच होती.

पण व्याख्या अभावावर उभी होती. हा गण एका नकारात्मक लक्षणाने बांधलेला आहे, हे क्यूव्हिए यांनी स्वतःच त्या ग्रंथात मान्य केले आहे. त्यावर उतारा म्हणून बोटांची टोके वेढणाऱ्या जाड नख्या आणि हालचालींतला मंदपणा ही समान लक्षणे त्यांनी पुढे केली. बारकाईने पाहिले तर दातांच्या बाबतीतही हे प्राणी एकमेकांशी जुळत नाहीत. मुंगीखाऊ आणि खवले मांजर यांना दात मुळीच नसतात. आर्मडिलोला साधे, खुंटीसारखे अनेक दात असतात. आर्डव्हार्कच्या दाढांतून उभ्या सूक्ष्म नळ्या जातात; ही रचना सस्तन प्राण्यांत एकमेव आहे आणि ती क्यूव्हिए यांनी नोंदवलीही होती. वेगळेपणाचा पुरावा हाती असतानाही त्यांनी गण अखंड ठेवला. मुंग्या-वाळवी गिळून जगणाऱ्याला दातांची गरज उरत नाही, जीभ लांबते, मुस्कट निमुळते होते आणि नख्या मजबूत होतात. हे त्यांच्याच तत्त्वाप्रमाणे उघड होते. अशी लक्षणे वेगवेगळ्या वंशांत स्वतंत्रपणे येऊ शकतील, हा विचार करायला मात्र त्यांच्या मांडणीत जागा नव्हती.

मुंगीखाऊंच्या जीवनक्रमाची त्या काळातील उत्तम माहिती पॅराग्वे परिसरात वीस वर्षे काढलेले स्पॅनिश लष्करी अभियंते फेलिक्स दे आसारा यांच्याकडून येत होती. त्यांच्या प्रवासवर्णनाची फ्रेंच आवृत्ती १८०९ मध्ये प्रसिद्ध झाली, तेव्हा तिला क्यूव्हिए यांनी टिपा जोडल्या.

एपेल्सहाइमची नखी

जर्मनीतील एपेल्सहाइम येथे बोटाच्या टोकाचे एक मोठे हाड सापडले. त्याचे टोक मधोमध चिरलेले होते. अशी चीर खवले मांजराच्या नख्यांच्या हाडांत असते. क्यूव्हिए यांनी आपल्या तत्त्वाप्रमाणे ते प्रचंड आकाराच्या खवले मांजराचे ठरवले. पुढे फ्रान्समध्येही तशी हाडे मिळाली आणि तीही अदंतांची मानली गेली. त्याच थरांत सापडणाऱ्या काही दाढा मात्र खूर असलेल्या शाकाहारी प्राण्याच्या होत्या. त्या प्राण्याला १८३३ मध्ये कॅलिकोथेरियम हे नाव मिळाले. अशा दाढा आणि अशा नख्या एकाच शरीरात असतील ही कल्पनाच परस्परसंबंधाच्या तत्त्वाविरुद्ध होती. एकोणिसाव्या शतकाच्या अखेरीस फ्रान्समधील साँसाँ येथील जीवाश्मांवरून कळले की दोन्ही एकाच प्राण्याची आहेत. घोडा व गेंडा यांच्या आप्तांपैकी असलेल्या या प्राण्याला खुरांऐवजी नख्या होत्या. ही गोष्ट उघड झाली तेव्हा क्यूव्हिए यांच्या मृत्यूला अर्धशतक लोटले होते.

पदे व मानमरातब

क्रांतीनंतरचे प्रजासत्ताक, नेपोलियन, पुन्हा आलेली बूर्बाँ राजसत्ता आणि १८३० नंतरची लुई-फिलिप यांची राजवट या सर्वांत क्यूव्हिए यांचे स्थान उंचावतच गेले. कोलेज द फ्रान्समधील प्राध्यापकपद, १८०३ पासून विज्ञान अकादमीचे कायम सचिवपद, शिक्षण खात्यातील वरिष्ठ अधिकार, राज्यमंडळाचे सदस्यत्व, १८१८ मध्ये फ्रेंच अकादमीत निवड, पुढे बॅरन हा किताब आणि १८३१ मध्ये उमरावसभेचे सदस्यत्व त्यांना मिळाले. या अधिकारामुळे त्यांचे मत डावलणे तरुण संशोधकांना जड जाई, हेही खरे.

१८०४ मध्ये त्यांनी एका विधवेशी विवाह केला. तिचे पहिले पती दुव्होसेल हे क्रांतीत गिलोटिनवर गेले होते. क्यूव्हिए यांची स्वतःची चारही अपत्ये त्यांच्या डोळ्यांदेखत वारली. शेवटची मुलगी क्लेमांतीन १८२७ मध्ये तरुण वयात गेली. सावत्र मुलगा आल्फ्रेद दुव्होसेल प्राणिसंग्रहासाठी १८१८ मध्ये बंगालला आला. त्याने पाठवलेल्या शिंगांवरून क्यूव्हिए यांनी १८२३ मध्ये बाराशिंग्याचे शास्त्रीय वर्णन केले आणि जातीला त्याचे नाव दिले. कान्हाच्या जंगलातील बाराशिंगा आजही शास्त्रीय नावात त्याची आठवण वागवतो. दुव्होसेल १८२४ मध्ये मद्रास येथे मरण पावला.

सारा बार्टमन प्रकरण

दक्षिण आफ्रिकेतील खोइखोइ समाजातील सारा बार्टमन या स्त्रीला युरोपात आणून लोकांपुढे तमाशासारखे मांडले जात होते. १८१५ च्या डिसेंबरअखेरीस तिचा पॅरिसमध्ये मृत्यू झाल्यावर क्यूव्हिए यांनी तिच्या देहाचे विच्छेदन केले आणि १८१७ मध्ये अहवाल छापला. त्यात तिची तुलना वानरांशी केली होती. ती अनेक भाषा बोलत असे, तिची स्मरणशक्ती चांगली होती, अशा नोंदीही त्याच अहवालात आहेत. पण निष्कर्षावर त्यांचा परिणाम झालेला दिसत नाही. मानववंशांची उच्चनीच उतरंड ते मानत होते आणि त्यांच्या अधिकारवाणीमुळे या मताला विज्ञानाची प्रतिष्ठा मिळाली. बार्टमनचे अवशेष विसाव्या शतकाच्या उत्तरार्धापर्यंत पॅरिसमध्ये प्रदर्शनात ठेवलेले होते. ते २००२ मध्ये दक्षिण आफ्रिकेला परत करण्यात आले आणि तेथे त्यांचा दफनविधी झाला.

लामार्क आणि जोफ्रवा यांच्याशी मतभेद

संग्रहालयातील सहकारी लामार्क प्राणिजाती काळाच्या ओघात बदलतात असे मांडत होते. क्यूव्हिए यांना ते मुळीच मान्य नव्हते. नेपोलियनच्या इजिप्त मोहिमेवर जाण्याचे त्यांनी नाकारले होते. जोफ्रवा गेले आणि ममी करून ठेवलेले आयबिस पक्षी घेऊन आले. हजारो वर्षांपूर्वीचे हे पक्षी आजच्यासारखेच आहेत, हे क्यूव्हिए यांनी जाती न बदलण्याचा पुरावा म्हणून मांडले. एवढा काळ पृथ्वीच्या आयुष्यात फार थोडा असेल, हा लामार्क यांचा युक्तिवाद त्यांनी मनावर घेतला नाही. लामार्क यांच्या निधनानंतर त्यांनी लिहिलेला श्रद्धांजलीपर लेख गौरवापेक्षा खंडनासाठीच अधिक ओळखला जातो.

जोफ्रवा यांचे म्हणणे असे की सर्व प्राण्यांच्या रचनेत एकच आराखडा आहे आणि कार्य बदलले तरी अवयवांची जुळणी तीच राहते. १८३० मध्ये विज्ञान अकादमीच्या बैठकांत दोघांचा जाहीर वाद झाला. तपशिलांच्या बळावर क्यूव्हिए यांची सरशी झाली, असे बहुतेकांना वाटले. एकिड्ना आणि प्लॅटिपस यांच्याबाबतही दोघे दोन टोकांना होते. हे प्राणी अंडी घालतात आणि म्हणून ते सस्तनच नव्हेत, अशी जोफ्रवा यांची भूमिका होती. क्यूव्हिए यांनी त्यांना अदंतांत ठेवले होते. अंडी घालण्याची गोष्ट १८८४ मध्ये विल्यम कॉल्डवेल यांनी प्रत्यक्ष पाहून सिद्ध केली. हे प्राणी सस्तनच राहिले, पण मुंगीखाऊंपासून अगदी दूरच्या शाखेवर.

मृत्यू आणि त्यानंतर

मे १८३२ मध्ये कोलेज द फ्रान्समध्ये व्याख्यान दिल्यानंतर क्यूव्हिए यांना पक्षाघाताने गाठले आणि १३ मे रोजी त्यांचे निधन झाले. पॅरिसमधील पेर-लाशेज दफनभूमीत त्यांना पुरण्यात आले. चारच महिन्यांनी, सप्टेंबरमध्ये, चार्ल्स डार्विन अर्जेंटिनाच्या किनाऱ्यावर पुंता आल्ता येथे मेगाथेरियम व त्याच्या आप्तांची हाडे खणून काढत होते. नष्ट झालेले महाकाय स्लॉथ आणि जिवंत स्लॉथ, मुंगीखाऊ, आर्मडिलो हे एकाच खंडात का आढळतात, हा प्रश्न त्यांच्या मनात तेव्हापासून घर करून राहिला.

एडेंटाटा गण पुढे तुकड्या-तुकड्यांनी मोडला. १८२५ मध्ये जॉन एडवर्ड ग्रे यांनी मुंगीखाऊंसाठी मिर्मेकोफॅजिडी हे कुल मांडले. १८७२ मध्ये टॉमस हक्स्ली यांनी आर्डव्हार्कसाठी त्याच्या नळीदार दाढांवरून नाव दिलेला स्वतंत्र गण केला. १८८९ मध्ये एडवर्ड ड्रिंकर कोप यांनी मुंगीखाऊ, स्लॉथ व आर्मडिलो यांना झेनार्थ्रा हे नाव दिले. पाठीच्या कण्याच्या मागच्या भागातील मणक्यांमध्ये या प्राण्यांना नेहमीपेक्षा जादा सांधे असतात आणि नाव त्या विचित्र सांध्यांवरून आले आहे. अभावाऐवजी प्रत्यक्ष असलेल्या रचनेवर हा गट बेतलेला होता आणि म्हणूनच तो टिकला. १९०४ मध्ये माक्स वेबर यांनी खवले मांजरांचा स्वतंत्र गण केला.

डीएनएच्या तुलनेने चित्र आणखी पालटले. खवले मांजराचे सर्वांत जवळचे आप्त मांसभक्षक गणात, म्हणजे कुत्रे-मांजरांच्या गोतावळ्यात आढळले. मराठीतले नाव या बाबतीत योगायोगाने सत्याच्या जवळ गेले आहे. आर्डव्हार्क हत्ती आणि मॅनाटी यांच्यासह आफ्रिकी वंशाच्या शाखेत गेला. मुंगीखाऊ मात्र मेगाथेरियमच्या शेजारीच राहिला. आजच्या वर्गीकरणात मिर्मेकोफॅजिडी कुलात महाकाय मुंगीखाऊची एक आणि टमँडुआच्या दोन अशा तीन जाती आहेत. झाडावर राहणाऱ्या छोट्या रेशमी मुंगीखाऊचे कुल वेगळे मानले जाते. ही दोन्ही कुले स्लॉथसह पिलोसा गणात मोडतात आणि आर्मडिलोंचा गण स्वतंत्र आहे.

१९८१ मध्ये जर्मनीतील मेसेल येथील एक जीवाश्म युरोपातला मुंगीखाऊ म्हणून युरोटमँडुआ या नावाने जाहीर झाला. लांब मुस्कट, दातांचा अभाव आणि बळकट पुढचे पाय पाहून तो निष्कर्ष काढला गेला होता. नंतरच्या अभ्यासकांना त्याच्या मणक्यांत झेनार्थ्रांचे सांधे पटण्याजोगे दिसले नाहीत आणि आता त्याला खवले मांजराच्या आप्तांजवळ ठेवले जाते.